केग्विनचं बंड, १६८३ : मुंबईच्या शिबंदीचा खर्च नेमका कोणी सोसायचा होता?

जमाखर्च (पुणे)

नमस्कार मंडळी. लष्करी हिशेबाच्या कचेरीत माझी एकतीस वर्षं गेली. पगारबिलं, प्रवासभत्ते, रेशनचे पैसे, छावणीतल्या दुरुस्त्यांची बिलं तपासायची, हेच काम. आता घोरपडीत राहते. आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दर महिन्याला कोणीतरी एका विषयावर बोलतं, पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे. मी विषय घेतलाय कॅप्टन रिचर्ड केग्विनच्या बंडाचा. मला तो इतिहासापेक्षा हिशेबाचा विषय जास्त वाटतो, म्हणून इथे जाणकारांना विचारते आहे.

मला समजलेलं थोडक्यात असं. १६६१ च्या तहात पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाली. राजाने सर अब्राहम शिपमनला सुमारे चारशे माणसं देऊन पाठवलं. गोव्याच्या व्हाइसरॉयने बेट ताब्यात द्यायला नकार दिला आणि ही माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडली. तिथे तापाने, उपासमारीने मेली. शिपमनही तिथेच गेला. १६६५ च्या फेब्रुवारीत त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा उरलेले शिपाई सव्वाशेसुद्धा नव्हते. पुढे राजाला कळलं की हे बेट मिळवून देत काहीच नाही, नुसतं खातंय. १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, वर्षाला १० पौंड खंडाने. ते १० पौंड सोन्यात, दर ३० सप्टेंबरला भरायचे.

पंधरा वर्षांनी, २७ डिसेंबर १६८३ ला, कंपनीच्याच फौजेचा प्रमुख केग्विन याने डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्डला कैद केलं आणि बेट पुन्हा राजाच्या नावाने घेतलं. जवळजवळ वर्षभर त्याचं राज्य चाललं.

प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य सापडतं : कंपनीने लष्करी खर्चात कपात केली म्हणून बंड झालं. एवढ्याने माझं समाधान होत नाही. कपात तर मुलकी नोकरांचीही झाली होती, मग ते का उठले नाहीत? आणि मूळ प्रश्न, बेटाच्या रक्षणाचा खर्च कोणाच्या खाती पडायला हवा होता? राजाच्या, कंपनीच्या, की बेटावरच्या रयतेच्या? हे कागदावर कधी ठरलं होतं का? जे ठामपणे माहीत असेल तेच लिहा ही विनंती. समोर बसणाऱ्यांत दोन निवृत्त कर्नल आहेत, ते एकेक आकडा धरून विचारतात.


दप्तरखाना

चांगला प्रश्न आहे. मी या काळावर काम करतो, पण मुंबईवर कमी आणि कोकणपट्टीवर जास्त. तरी सांगतो.

कागदावर उत्तर सोपं होतं. १६६८ च्या सनदेने बेटाची सगळी जबाबदारी कंपनीकडे आली, महसूलही आणि संरक्षणही. राजाचे जे शिपाई बेटावर होते त्यांना कंपनीच्या नोकरीत यायची मुभा दिली आणि बरेचसे आले. कंपनीची मुंबईतली पहिली गोरी पलटण ती हीच. पण हे लोक राजाचा पगार खात आले होते. आपला धनी बदलला हे त्यांनी मान्य केलं, मनाला किती पटलं हा भाग वेगळा.

व्यवहारात उत्तर अवघड झालं, कारण बेटाचं उत्पन्न तोकडं. शेजारची साष्टी पोर्तुगीजांनी दिलीच नाही. ठाणं आणि कारंजा, म्हणजे आजचं उरण, या दोन्ही ठिकाणी त्यांची नाकी होती. मुंबईला येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर ते जकात घेत. बेटाला हात लागायच्या आधीच व्यापाराचा एक वाटा दुसऱ्याच्या पेटीत. राहिलं काय? जमिनीचा खंड, तंबाखूचा मक्ता, भंडाऱ्यांच्या ताडी-माडीवरचा कर, मासेमारी, बंदरावरची जकात.

जेराल्ड ऑंजियरने (१६६९ ते १६७७) यातून वाट काढायचा प्रयत्न केला. जमीनदारांशी करार करून वर्षाला २०,००० झेराफिन (पोर्तुगीजांचं चांदीचं नाणं) ठरवून घेतले आणि त्या बदल्यात त्यांच्या जमिनींवरचे कंपनीचे दावे सोडले. टांकसाळ काढली. आणि खर्चाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, जमीनदारांची मिलिशिया उभी केली. ज्याची जमीन त्याने माणूस द्यायचा. ब्राह्मण आणि वाणी यांनी माणसाऐवजी पैसे द्यायचे. म्हणजे रयतेच्या खाती थोडा भार टाकला होता, तोही ठरवून, बोलणी करून. तुमच्या तिसऱ्या पर्यायाचं उत्तर तिथे आहे.

एक सावधगिरी. ऑंजियरच्या काळातही सगळं गोड नव्हतं. १६७४ मध्ये शिपायांनी एकदा बंडाळी केली होती, मागण्या पैशाच्याच होत्या. त्यात एका कॉर्पोरलला गोळी घातली गेली. तेव्हा १६८३ आभाळातून पडलेलं नाही.


सुभेदार_खडकी

ताई, मी अठ्ठावीस वर्षं फौजेत होतो. माझं म्हणणं स्पष्ट आहे. पगार कमी झाला म्हणून आपल्याच वरिष्ठाला कोंडणं हे बंडच, त्याला दुसरं नाव नाही. मग ते कुणाच्याही नावाने करा.

पण कपातीबद्दल एक गोष्ट हिशेबाच्या माणसांना दिसत नाही ती सांगतो. शिपायाला पगार किती यापेक्षा तो कुठल्या नाण्यात मिळतो आणि बाजारात त्याचं काय येतं, हे पोटाला कळतं. तेव्हाच्या मुंबईत झेराफिन, लारी, रुपये, कंपनीची स्वतःची नाणी, सगळंच चालायचं. पगार एका हिशेबाने लिहायचा, दुसऱ्या नाण्यात वाटायचा, आणि सराफाकडे गेलं की तो बट्टा कापणार. आपल्याकडे बट्टा म्हणजे कापून घेणं आणि भत्ता म्हणजे वर देणं. इंग्रजांच्या कागदात भत्त्यालाच बॅटा म्हणायचे. पुढची दीडशे वर्षं त्यांच्या फौजेत जेवढी भांडणं झाली त्यातली अर्धी याच शब्दावरून झाली असतील.

आणि तांदूळ? बेटावर पिकत होता किती? तांदूळ आणि जळाऊ लाकूड समोरच्या किनाऱ्यावरून यायचं, पेण-नागोठण्याच्या बाजूने. तो मुलूख महाराजांचा. तिकडे नाकेबंदी झाली की इकडे भाव चढला. पगार कोण वाढवणार? लंडनला पत्र जाऊन उत्तर यायला दीड-दोन वर्षं.


माझगावकर

थोडंच लिहितो. मोगलांच्या चाकरीतल्या जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार पावसाळ्यात माझगावला येऊन राहायचं आणि कंपनी मोगलांच्या भीतीने त्यांना राहू द्यायची, हाही मुद्दा बंडात मोठा होता. त्यांच्या खलाशांनी गावात दंगे केले. केग्विनच्या लोकांचं म्हणणं, आम्हाला पगार कमी करता, सिद्दीला मात्र आश्रय देता, आणि त्यापायी मराठे आमच्यावर चिडतात. पैसा एकटा धरू नका.


जमाखर्च (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. दप्तरखाना, जमीनदारांच्या मिलिशियाचा मुद्दा मला अगदीच नवीन होता, तो बोलण्यात घेणार. ठाणं-कारंज्याच्या नाक्यांचाही. माझगावकर, सिद्दीचं बरोबर आहे, पण त्याच्यावर खाली येते.

तुमच्या उत्तरांनंतर मी चार दिवस आकडे मांडत बसले होते. माझा जो पहिला प्रश्न होता, मुलकी नोकर का उठले नाहीत, त्याचं उत्तर मला सापडलं असं वाटतंय. चुकत असेल तर सांगा.

केग्विन हा साधा माणूस नव्हता. १६७३ मध्ये डचांकडून सेंट हेलिना परत घेतलं तेव्हा तो त्यात होता, पुढे त्या बेटाचा गव्हर्नरही होता. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांच्या गलबतांवर हाच होता. १८ ऑक्टोबरच्या लढाईत दौलतखान आणि मायनाक भंडारी यांच्या आरमाराने त्यांचं डव्ह नावाचं जहाज पकडलं, बाकीची गलबतं पांगली, तेव्हा रिव्हेंज जहाजावरून तो टिकून राहिला. खांदेरी शेवटी मराठ्यांकडेच राहिली, पण त्याच्या शौर्याबद्दल कुणाला शंका नव्हती. त्याच सुमाराला काटकसरीचे हुकूम आले. घोडदळाची तुकडी मोडली, पायदळ कमी केलं, आणि केग्विनची नोकरीही गेली. तो विलायतेला गेला, १६८१ मध्ये परत आला तो कौन्सिलात तिसऱ्या जागेवर आणि फौजेचा प्रमुख म्हणून. पगार दिवसाला ६ शिलिंग. जेवणखाण आणि राहण्याचा भत्ता नाही.

आता ६ शिलिंग दिवसाला म्हणजे वर्षाला १०९ पौंड १० शिलिंग. कंपनीच्या कारकुनाला, म्हणजे ज्याला ते रायटर म्हणत, वर्षाला १० पौंड. त्याच्या वरच्या फॅक्टरला २०. सगळ्यात वरच्या सीनियर मर्चंटला ४०. नुसते आकडे पाहिले तर केग्विनला दहा कारकुनांचा पगार मिळत होता. लंडनच्या टेबलावर बसून हे बघणाऱ्याला काय वाटेल? लष्करावर उधळपट्टी चाललीय, असंच. मी तिथे असते तर मीही लाल शाईने खूण केली असती.

पण खालची ओळ वाचायची राहते. कारकुनाला कंपनीच्या वखारीत राहायला जागा, कंपनीच्या पंगतीत जेवण. आणि त्याला स्वतःच्या नावावर खाजगी व्यापार करायची मुभा. हिंदुस्थानातल्या बंदराबंदरांतून कापड, मिरी, काहीही. पगार हा त्याच्या कमाईचा सगळ्यात लहान भाग होता. त्याचा पगार कमी करा नाहीतर तसाच ठेवा, त्याचं पान दुसरीकडे वाढलेलं होतं. शिपायाला आणि त्याच्या अधिकाऱ्याला मात्र हातात येईल तेवढंच. मुलकी खर्चातली कपात आणि लष्करी खर्चातली कपात कागदावर सारखी दिसते, घरात गेल्यावर सारखी नसते. म्हणून एक बाजू गप्प राहिली आणि दुसरी उठली. मला हेच सांगायचंय त्या दिवशी.

सुभेदारसाहेब, तुम्ही म्हणालात की हिशेबाच्या माणसांना हे दिसत नाही. ते लागलं मला, कारण खरं आहे. एक सांगते.

नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी माझ्या टेबलावर एका हवालदाराचा क्लेम आला. जम्मूहून पुण्याला बदली, कुटुंबाचं सामान ट्रकने आणलेलं. क्लेमला जोडलेली ट्रकवाल्याची पावती भिजून वाळलेली होती, जांभळी शाई पसरलेली, रक्कम वाचता येत होती पण तारखेच्या जागी नुसता डाग. टाचणी गंजून कागदाला तपकिरी भोक पडलं होतं. नियमाप्रमाणे तारीख हवी. मी लिहिलं, ‘पावतीवर दिनांक नाही, दावा अमान्य’, आणि परत पाठवला. दोन ओळी. त्यात माझं काही चुकलं नव्हतं, वरिष्ठांनी पाठ थोपटली. तीन महिन्यांनी तो माणूस स्वतः खिडकीवर आला. टोपी काखेत धरून उभा राहिला आणि विचारलं, मॅडम, तारीख आणायला जम्मूला जाऊ का? चेष्टेने नाही हो, खरंच विचारत होता. जायचं भाडं क्लेमपेक्षा जास्त झालं असतं. त्याने ते पैसे सावकाराकडून काढले होते, मुलांच्या शाळेचा प्रवेश होता म्हणून.

लंडनहून मुंबईला पाठवलेली ती काटकसरीची पत्रं वाचताना मला तो पावतीवरचा डाग दिसतो. पत्र लिहिणाऱ्यांना जमाखर्चात तूट दिसत होती, ती खरी होती. दप्तरखान्यांनी सांगितलं तसं उत्पन्नच नव्हतं. कंपनी खोटं बोलत नव्हती, हे मी त्या दिवशी ठासून सांगणार आहे. तूट खरी असते आणि ती भरून काढायला चुकीच्या माणसाच्या पानातलं उचललं जातं, हेही खरं असतं.

माझगावकर, आता सिद्दीचं. पैसा एकटा धरू नका म्हणालात. मला तो धागाही पैशापाशीच येतो असं वाटतं. केग्विनने बेट घेतल्यावर काय केलं? जहाजावरची कंपनीची रोकड किल्ल्यात जमा करून घेतली, राजाला पत्र लिहिलं, सिद्दीला चाप लावला आणि संभाजी महाराजांकडे वकील पाठवला. तो वकील म्हणजे हेन्री गॅरी, जो १६६८ मध्ये बेट कंपनीच्या हाती जाण्याआधी राजाच्या बाजूने तिथला कारभार बघत होता. १६८४ मध्ये महाराजांशी तह झाला, व्यापाराची मोकळीक मिळाली. सुभेदारसाहेबांनी सांगितलेला तांदूळ आणि लाकूड इथे आठवा. समोरचा किनारा मोकळा झाला की बेटावरचा शिधा स्वस्त. पगार न वाढवता शिपायाला पगारवाढ. मला त्या तहात राजकारणाइतकाच वाणसामानाचा हिशेब दिसतो.


सदाशिवपेठी

पुण्यात बोलणार असाल तर ३० ऑगस्ट १७७३ जरूर घ्या. शनिवारवाड्यात गारदी शिरले ते थकलेल्या पगाराचंच निमित्त सांगून. सुमेरसिंग गारदी आणि त्याची माणसं. नारायणराव पेशवे अठरा वर्षांचे होते. शिबंदीचा पगार थकला की काय होतं ते पुणेकरांना कुणी सांगायला नको.


दप्तरखाना

सदाशिवपेठींना हात जोडून विरोध. तिथे पगार हे निमित्त होतं, आत कट होता. केग्विनच्या बाजूला कटवाला राघोबादादा नाही. दोन्ही एका दोरीत ओवू नका.

ताईंच्या मुद्द्याला जास्त जवळची उदाहरणं इंग्रजांच्याच घरात आहेत. १७६६ मध्ये क्लाइव्हने बंगालच्या अधिकाऱ्यांचा दुप्पट भत्ता बंद केला, तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्यांनी एकजुटीने राजीनामे द्यायचा घाट घातला. १८०९ मध्ये मद्रासला तंबूच्या खर्चाची ठरलेली रक्कम काढून घेतली, तर श्रीरंगपट्टण आणि मच्छलीपट्टणला अधिकारीच बंडावर उतरले. १८२८ मध्ये बेंटिंकने कलकत्त्याजवळच्या ठाण्यांचा भत्ता निम्मा केला, तेव्हा बंड नाही झालं पण अर्जांचा पाऊस पडला. दर वेळी सुरुवात तीच, वरून काटकसरीचा हुकूम. फरक एवढाच की १६८३ मध्ये साधा शिपाई आणि अधिकारी एका बाजूला होते, पुढच्या भांडणांत अधिकारी स्वतःपुरते भांडले.

तुमची खाजगी व्यापाराची जोडणी मला पटली. फक्त एक जोड द्या. काही अधिकारीही थोडाफार व्यापार करत, त्यामुळे ‘हातात येईल तेवढंच’ हे शिपायांना शंभर टक्के लागू, अधिकाऱ्यांना कमी.


जमाखर्च (पुणे)

मान्य. तसं दुरुस्त करून घेते. गारद्यांचं उदाहरण घेणार नाही, सदाशिवपेठींनी राग मानू नये.

शेवट मी असा सांगणार आहे. नोव्हेंबर १६८४ मध्ये सर थॉमस ग्रँथम आला, माफीचं वचन दिलं आणि केग्विनने बेट शांतपणे कंपनीला परत केलं. तो विलायतेला गेला, पुढे राजाच्या आरमारात जहाजाचा कप्तान झाला आणि १६९० मध्ये वेस्ट इंडीजमध्ये सेंट किट्स बेटावरच्या हल्ल्यात मारला गेला. आणि इकडे बेट परत केल्यावर पाचच वर्षांत, १६८९ मध्ये, सिद्दी याकूत मुंबईवर चालून आला, माझगाव, माहीम घेत आत शिरला आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. शेवटी औरंगजेबाकडे माफी मागून, दीड लाख रुपये दंड भरून सुटका झाली. शिबंदीत वाचवलेले पैसे आणि हे दीड लाख एका फळ्यावर शेजारी लिहून दाखवावेत असं मनात होतं. पण वाचवलेला आकडा मला खात्रीने सांगता येणार नाही, म्हणून फळ्यावर फक्त एकच रकाना भरणार.


सुभेदार_खडकी

ताई, बंडाबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण तारीख कळवा, आम्ही खडकीहून चौघं येतो. आणि एक विचारायचं राहिलं. त्या हवालदाराला पैसे मिळाले का?


जमाखर्च (पुणे)

मिळाले. त्याच्या युनिटच्या हालचालीच्या आदेशावर तारीख होती आणि ट्रक त्याच आठवड्यात निघाला होता. तो आदेश क्लेमसोबतच जोडलेला होता, दुसऱ्या पानाला. मी पहिलं पान पाहूनच परत पाठवला होता. दुसऱ्या दिवशी मी स्वतः नोट लिहून पास करून घेतला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुठलाही क्लेम मी मागचं पान उलटल्याशिवाय परत पाठवला नाही.

तारीख अजून ठरायची आहे, बहुतेक दुसरा शनिवार, संध्याकाळी पाच. खुर्च्या कमी आहेत, थोडं आधी या.